शिकागो तसं का दिसतं आणि मुंबई अशी का दिसते?

प्रश्न : उन्हाळाभर मुलीकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला होतो. एका रविवारी तिने आम्हा दोघांना शहरात नेऊन बोटीतून फिरवलं. सरोवरात जरा आत गेल्यावर मागे वळून टॉवरांची रांग पाहिली आणि बघतच राहिलो. आता मुलुंडच्या गच्चीवरून आजूबाजूला पाहतो, तर इथेही टॉवरांना तोटा नाही. पण सगळे जिथे जागा मिळाली तिथे उगवल्यासारखे वाटतात. त्यांच्याकडे पैसा आणि शिस्त आहे, आपल्याकडे नाही, एवढंच कारण आहे का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड

उत्तर : पैशाचं कारण आधी बाजूला ठेवू. लोअर परळच्या एखाद्या टॉवरमधल्या फ्लॅटच्या किमतीत शिकागोच्या सरोवराकाठी ऐसपैस घर येतं. पैसा मुंबईतही ओतला गेलाय, आणि भरपूर ओतला गेलाय.

तुम्ही बोटीतून पाहिलंत तेव्हा पाणी आणि इमारती यांच्यामध्ये काय होतं ते आठवा. हिरवळ, झाडं, सायकलवाले, आणि मग एकदम मिशिगन अव्हेन्यूवरची इमारतींची ताठ रांग. ती रांग डोळ्यांत भरते, कारण तिच्यापुढे मोकळी जागा आहे. ही जागा, म्हणजे आजची ग्रँट पार्क ही बाग, आपसूक राहिलेली नाही. 1836 च्या नकाशावर तिथे एक शेरा लिहिलेला होता : ही जमीन सार्वजनिक आहे, ती कायम मोकळी राहील, तिच्यावर इमारत किंवा दुसरा कसलाही अडथळा येणार नाही. पुढे 1871 च्या आगीत शहर जळालं, जळक्याचा राडारोडा याच काठावर सरोवरात लोटला गेला, रेल्वेचे रूळ तिथूनच जात होते, आणि बघता बघता तिथे कचरा, तबेले, शेड असं सगळं जमलं. समोरच अॅरन माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याची कचेरी होती. टपालाने माल विकण्याचा धंदा त्याने अमेरिकेत मोठा केला. 1890 मध्ये तो त्या जुन्या शेऱ्याचा आधार घेऊन कोर्टात गेला आणि 1911 पर्यंत भांडत राहिला. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा त्याच्या बाजूने निकाल दिला. वर्तमानपत्रांनी त्याला शहराच्या प्रगतीचा शत्रू ठरवलं. मार्शल फील्ड या धनाढ्याच्या नावाचं भव्य संग्रहालय त्या बागेच्या मधोमध व्हायचं होतं, तेही वॉर्डने होऊ दिलं नाही. शेवटी ते बागेच्या दक्षिणेला गेलं.

त्या मोकळ्या पट्ट्यात जुनी अशी एक इमारत मात्र आहे, आर्ट इन्स्टिट्यूटची. 1893 च्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले ते याच वास्तूत. तुम्ही तिथपर्यंत गेला असालच. जवळच मिलेनियम पार्क आहे, 2004 साली रुळांवर आणि पार्किंगवर छत घालून केलेलं. तिथल्या संगीताच्या उंच मंडपाची नोंद कागदोपत्री 'कलाकृती' अशी करावी लागली, कारण वॉर्डच्या खटल्यांमुळे तिथे इमारतीला परवानगी मिळाली नसती. म्हणजे शंभर वर्षांनंतरही तो शेरा जिवंत आहे.

आता आपल्याकडे या. मुंबईलाही असा एक क्षण मिळाला होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या ऐन मध्यात अठ्ठावन्न गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन मोकळी होणार असं दिसू लागलं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिच्या वाटणीचा नियम आला : एक वाटा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा आराखडा केला. सुट्या सुट्या तुकड्यांऐवजी जमिनी एकत्र जोडून मोठ्या मोकळ्या जागा, चौक आणि पायी चालायचे रस्ते काढावेत, असं त्यांचं सांगणं होतं. तो आराखडा फायलीत राहिला. 2001 मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचीच होईल, असं ठरलं. गिरणीत रिकामी जागा असते किती? शेडला शेड लागून. पर्यावरणवादी कोर्टात गेले, 2005 मध्ये उच्च न्यायालयात जिंकले, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले.

लोअर परळला डिलाईल रोडच्या पुलावर उभं राहिलं की त्या निकालाचा आकार दिसतो. प्रत्येक गिरणीच्या कुंपणात वेगळं प्रवेशद्वार, वेगळा कारंजा, वेगळा पहारा, आणि त्या सगळ्यांची गर्दी सोसणारा रस्ता मात्र तोच, गिरणी कामगार पाळीला जायचे तो. वॉर्डची केस आणि आपली केस जातकुळीने एकच होती. मला या निकालाचं दुःख आजही आहे, आणि माझ्या पिढीच्या बऱ्याच वास्तुरचनाकारांना आहे.

दुसरं कारण नियमांचं आहे. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा हिशेब चटकन कळेल. शिकागोने 1957 मध्ये चटईक्षेत्राची मर्यादा घातली, ती शहराच्या गाभ्यात, म्हणजे 'लूप' भागात, 16 ठेवली. भूखंडाच्या सोळापट बांधकाम, आणि खाली लोकांसाठी चौक सोडला तर वर आणखी. लूपपासून दूर जाल तसा हा आकडा घसरत जातो. पश्चिमेला काही मैल गेलं की दोन-तीन मजली विटांची घरं लागतात आणि ती मैलोन्मैल तशीच. त्यामुळे शहराला शिखर आहे आणि उतार आहे. बोटीतून तुम्ही ते शिखर पाहिलंत.

मुंबईत 1991 ला बेटावर 1.33 आणि उपनगरांत 1 असा एफएसआय, म्हणजे हेच चटईक्षेत्राचं प्रमाण, ठेवला. एवढ्यात कुणाचंच भागणार नव्हतं, म्हणून सवलतींच्या वाटा निघाल्या. शहरात आरक्षणाखाली जमीन दिली की मिळणारा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे नेता येणारा बांधकामाचा हक्क, उपनगरात नेऊन वापरायचा. झोपडपट्टी पुनर्वसन केलं की जास्त एफएसआय. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा सरकारी उपकर लागू असलेली, जुनी इमारत पाडली की आतल्या भाडेकरूंना घरं देऊन वर बिल्डरला विक्रीसाठी प्रोत्साहन. यातली शेवटची वाट नीट समजून घ्या, कारण गिरगाव ते लालबागचे टॉवर तिच्यातून आलेत. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, 1969 पासून उपकर घेऊन सरकारी मंडळ दुरुस्ती करू लागलं, तेही पुरं पडलं नाही. मग विकास नियंत्रण नियमावलीतलं 33(7) कलम आलं. त्यात आत जितके भाडेकरू जास्त, तितकं पुनर्वसनाचं बांधकाम जास्त, आणि त्याच्या प्रमाणात विक्रीचंही. भुलेश्वरच्या अरुंद बोळांत एवढे उंच टॉवर का उभे राहतात, त्याचं उत्तर तिथे आधी किती बिऱ्हाडं राहत होती यात आहे. रस्ता किती रुंद, स्टेशन किती जवळ, समुद्र कुठल्या बाजूला, यांना त्या गणितात फार थोडी जागा.

म्हणून मुंबईची स्कायलाइन सगळीकडे थोडी थोडी आहे. वरळी, परळ, वडाळा, चेंबूर, भांडुप, तुमचं मुलुंड, मग ठाणं. मध्ये विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, बीकेसी इथे ती एकदम खाली बसते, कारण वरून विमानं उतरतात. विमानांचा नियम मात्र सहजासहजी वाकवता येत नाही.

शिस्त आपल्याला जमतच नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. मरीन ड्राइव्हची ती वळणदार रांग पाहा. बॅकबेच्या भरावावर 1930 आणि 40 च्या दशकांत उभी राहिलेली, एका उंचीची, गोलसर गॅलऱ्यांची. ओव्हलच्या एका बाजूला 1878 चा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, समोर आर्ट डेको घरं, मध्ये क्रिकेट. 2018 मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हटलं, तेव्हा त्यात त्या मैदानाच्या मोकळेपणाचा वाटा इमारतींएवढाच होता. आणि संध्याकाळी वांद्र्याहून सी लिंकवरून वरळीकडे या. पुढे कोळीवाड्याची कौलं आणि पत्रे, किल्ल्याचा काळा दगड, होड्या, आणि पाठीमागे टॉवर. शिकागोकडे असं दृश्य नाही. तिथे पाण्याकाठी मूळच्या माणसांची वस्ती उरलेलीच नाही.

आणखी एक, आणि हे घाईने लिहिते कारण वेळ थोडा आहे. कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव घातला, त्यात सुमारे 70 हेक्टर जागा बागा आणि फिरण्यासाठी मोकळी राहणार असं सांगितलं गेलंय. 1836 च्या नकाशावरच्यासारखं एक वाक्य या जागेच्या कागदांवर आजच, पळवाट न ठेवता, लिहून घ्यायला हवं. तुमच्यासारख्या निवृत्त, कागद वाचायची सवय असलेल्या माणसांनी त्याच्या मागे लागावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात शिकागोला गगनचुंबी इमारतींचं माहेर म्हणतात. मुंबईतल्या टॉवरांमधून शिकण्यासारखं काही आहे का? आणि आपल्याकडे खालचे सहा-सात मजले पार्किंगचेच का असतात?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : माहेर म्हणतात ते 1885 च्या होम इन्शुरन्स बिल्डिंगमुळे. दहा मजले, भार भिंतींऐवजी बराचसा लोखंडी सांगाड्यावर. ती 1931 मध्ये पाडली. पण हा बदल हाताने चाचपून पाहायचा असेल तर मोनॅडनॉक बिल्डिंग अजून उभी आहे. 1891 मध्ये पुरा झालेला तिचा उत्तरेकडचा भाग सोळा मजली आहे आणि बाहेरच्या बाजूचा भार विटांच्या भिंतींवर. मी शिकागोत नोकरीला होते तेव्हा दुपारच्या सुट्टीत तिथे जात असे. तळमजल्याच्या खिडकीच्या खोबणीत हात घातला की कोपरापर्यंत जातो आणि तरी काच दूरच राहते. भिंत जवळपास सहा फूट जाड. तिथून थोडं चालून गेलं की 1895 ची रिलायन्स बिल्डिंग, आणि तिची दर्शनी बाजू जवळजवळ सगळी काचेची. दोन इमारतींत चारच वर्षांचं अंतर.

मग उंच इमारतींचे सांगाडे रचणारे अभियंते फजलूर खान यांचा अभ्यास कर. जन्म ढाक्याचा, शिक्षण शिबपूर आणि ढाका इथलं, मग इलिनॉयमध्ये. 1969 चं शंभर मजली हॅनकॉक सेंटर, बाहेरून दिसणाऱ्या तिरप्या फुल्यांचं. मग सिअर्स टॉवर, 110 मजली, 442 मीटर. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधलेल्या, आणि जसजसं वर जावं तशा टप्प्याटप्प्याने थांबलेल्या. त्या पायऱ्या शोभेसाठी नाहीत, वाऱ्याचा जोर कसा घ्यायचा हे त्यातून वाचता येतं. आपल्याच उपखंडातून गेलेल्या माणसाने हे केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

मुंबईत वाऱ्याबरोबर पावसाचा आणि पश्चिमेच्या उन्हाचा प्रश्न आहे. त्याला सर्वांत चांगलं उत्तर कोरियांनी 1983 मध्ये पेडर रोडजवळच्या कांचनजंगात दिलं. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांडा शोधला होता, कोरियांनी तो उंचावर नेला : कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या. इमारतीच्या खाली उभा राहून त्या पोकळ्या मोज, मग घरी येऊन आतल्या घरांचा छेद काढायचा प्रयत्न कर. नंतरच्या बहुतेक टॉवरांनी ही गोष्ट सोडून दिली. आता माइव्हान शटरिंगमध्ये, म्हणजे अॅल्युमिनियमच्या तयार साच्यांत, मजल्यावर मजला छापल्यासारखा चढतो. स्लॅब झपाट्याने पडतात, भिंती सरळ येतात, पण साचा एकदा ठरला की वरच्या मजल्याला खालच्यापेक्षा वेगळं काही करता येत नाही. सगळे टॉवर सारखे दिसतात ते यामुळेही.

पार्किंगचं उत्तर थोडक्यात : नियमाने गाड्यांची जागा द्यावीच लागते, ती एफएसआयमध्ये धरत नाहीत, आणि मुंबईचा काळा पाषाण फोडून तळघरं खणणं महाग, त्यात पावसाळ्यात पाणी. म्हणून पॉडियम, म्हणजे टॉवरखालचे हे गाड्यांचे मजले. शिकागोतही हे आहे. मरिना सिटीच्या दोन गोल टॉवरांमध्ये खालचे एकोणीस मजले गाड्यांचेच. पण तिथे बहुतेक जुन्या भागांत इमारतींच्या पाठीमागे गल्ली असते. कचरा, मालाचे ट्रक, विजेच्या तारा सगळं त्या मागच्या गल्लीत, आणि रस्त्याकडचं तोंड दुकानांना मोकळं. आपल्या गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर काय असायचं? वाण्याचं दुकान, शिंपी, पिठाची गिरणी, ओट्यावर बसलेले म्हातारे. त्याच जागी आता जाळीच्या झडपांची भिंत, गाड्यांचा उतार आणि वॉचमनची केबिन. रात्री त्या भिंतीजवळून एकटीने चालताना वर पन्नास मजले माणसं राहत असूनही रस्त्यावर कुणाचं लक्ष नसतं. विद्यार्थी म्हणून एक काम कर : एखाद्या पॉडियमचे रस्त्याकडचे पंधरा फूट दुकानांना देऊन गाड्या आत ढकलता येतात का, ते काढून बघ. येतात.

प्रश्न : लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. आम्हाला बाविसाव्या मजल्याच्या आसपास घर मिळेल म्हणतात. सासूबाई हटून बसल्यात की उंचावर जीव रमायचा नाही. मी म्हणते, अमेरिकेत लोक ऐंशीव्या मजल्यावर सुखाने राहतात, मग आपण का भ्यायचं? तुम्ही तिकडे राहून आलात, सांगा, कोण बरोबर?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, दोघींचंही ऐकण्यासारखं आहे. मुलुंडच्या वाचकांनी बोटीतून जे पाहिलं नाही, ते तुमच्यासाठी सांगते.

हॅनकॉक सेंटरमध्ये चव्वेचाळिसाव्या मजल्यापासून वर घरं आहेत, चव्वेचाळिसाव्यावर पोहण्याचा तलाव आहे, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात. तुमचं म्हणणं खरं. पण त्याच दशकात, त्याच शहराच्या दक्षिणेला, सरकारी गृहनिर्माण संस्थेने गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी रॉबर्ट टेलर होम्स बांधले. 1962 मध्ये पूर्ण झाले. सोळा मजल्यांच्या 28 इमारती, एका रांगेत. आणि तुम्हाला नवल वाटेल, त्यांना आपल्या चाळीसारख्या लांब उघड्या गॅलऱ्या होत्या, दारं गॅलरीत उघडणारी. लहान मुलं पडू नयेत म्हणून पुढे त्यांना वरपासून खालपर्यंत जाळ्या लावल्या आणि ती घरं पिंजऱ्यांसारखी दिसू लागली. लिफ्ट बंद पडायच्या आणि तशाच राहायच्या. भाडं रहिवाशांच्या कमाईवर ठरायचं, आणि आसपासचे कारखाने बंद झाल्यावर कमाईच आटली, म्हणून देखभालीला पैसा उरला नाही. गुंडगिरी शिरली. जी कुटुंबं निघून जाऊ शकत होती ती गेली. 2007 पर्यंत त्या सगळ्या इमारती पाडून झाल्या.

हॅनकॉक सोळा मजल्यांहून कितीतरी उंच आहे, तरी तिथे जीव रमतो. कारण तिथे लिफ्ट बिघडली की दुरुस्तीला माणूस येतो आणि त्याचे पैसे भरायची रहिवाशांची ऐपत आहे. सासूबाईंची भीती उंचीच्या नावाने आहे, पण तिच्या तळाशी हेच असावं : लिफ्ट बंद पडली तर खाली उतरायचं कसं, आणि दारात बसलं तर बोलायला कोण येणार?

वरळीच्या बीडीडी चाळींमधली पहिली कुटुंबं 2025 च्या ऑगस्टमध्ये 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून 500 फुटांच्या घरांत गेली, चाळीस मजली इमारतींत. आनंद खराच आहे. स्वतःचा संडास, मुलांना अभ्यासाची जागा, हे शंभर वर्षांनी मिळतंय. कुणी चाळीच्या आठवणी काढून तुम्हाला तिथेच राहा म्हणालं तर ऐकू नका. पण मानखुर्दचा लल्लूभाई कंपाउंड, ही पुनर्वसनाची वसाहतही बघून या. तिथल्या इमारती पाच मजल्यांच्याच आहेत, पण इतक्या जवळ जवळ की खालच्या घरांत दिवसा दिवे लावावे लागतात.

तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीत तुम्ही स्वतः जा आणि हे विचारा. पुनर्वसनाच्या विंगला लिफ्ट किती, आणि वीज गेली की जनरेटरवर त्यातल्या किती चालतात? महिन्याचा मेंटेनन्स किती येईल, कॉर्पस फंड (देखभालीसाठीची राखीव ठेव) किती, तो कुणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेला जमा होणार? शेजारच्या विक्रीच्या टॉवरपासून आपल्या खिडकीचं अंतर किती? मजल्यावरचा पॅसेज दोन्ही टोकांना बंद आहे की एखाद्या टोकाला खिडकी आहे? रेफ्यूज फ्लोअर (आग लागली तर आसऱ्याला थांबायचा मजला) मोकळा राहील याची जबाबदारी कुणाची? यातलं कॉर्पसचं उत्तर तोंडी घेऊ नका. पहिली चार-पाच वर्षं सगळं नवं असतं, खर्च दिसत नाही. लिफ्टचे दोर, पंप, आग विझवायची यंत्रणा, बाहेरचा रंग यांची बिलं नंतर येतात, आणि उंच इमारतीत ती मोठी असतात. घर विकून बदलापूरला गेलेली जी पुनर्वसित कुटुंबं मला भेटली, त्यातल्या बहुतेकांनी हेच कारण सांगितलं.

पॅसेजच्या खिडकीचा आग्रह मी मुद्दाम धरते. चार घरांची दारं जिथे उघडतात तिथे उजेड आणि वारा असेल तर माणसं खुर्ची टाकून बसतात. अंधारा, ट्यूबलाइटचा पॅसेज असेल तर दार लावून घेतात. आराखडा मंजूर होण्याआधी ही खिडकी मागितली तर फारसा खर्च येत नाही, नंतर ती कुणी देत नाही.

मजल्यांची सोडत अजून निघाली नसेल तर ज्या घरांत वृद्ध किंवा अपंग माणसं आहेत त्यांच्यासाठी खालचे पुनर्वसन मजले राखून ठेवावेत, असं पत्र चाळीतल्या अशा सगळ्या कुटुंबांच्या सह्यांनी समितीला द्या आणि पोच घ्या. सही पहिली सासूबाईंची असू दे. करारनाम्याचा मसुदा हाती आला आणि देखभालीचं कलम समजलं नाही, तर तेवढ्या पानाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून कळवीन.